प्रेसनोट आणि बातमी : जबलपूरच्या निमित्ताने एक आढावा

पत्रकार आणि जनसंपर्क अधिकारी यांच्या नात्याची चर्चा निघाली की आपल्या डोळ्यांसमोर मुंबई येते. मोठ्या कंपन्या, त्यांच्या पीआर एजन्सी, तारांकित हॉटेलांतल्या पत्रकार परिषदा, व्यापार पानावरची हसरी छायाचित्रे. वादातले बहुतेक मुद्दे या चित्रातूनच आलेले आहेत. पण पत्रकारांचा फार मोठा वर्ग अशा शहरांत काम करतो जिथे पीआर एजन्सी क्वचितच दिसते आणि जनसंपर्क अधिकारी मात्र रोज भेटतो. जबलपूर हे असेच एक शहर.

मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ इथे आहे. पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय इथे आहे. राज्याच्या वीज कंपन्यांचा कारभार शहरातल्या रामपूर भागातल्या शक्ती भवनातून चालतो. लष्करी छावणी, चार आयुध कारखाने, राणी दुर्गावती विद्यापीठ, कृषी विद्यापीठ, सरकारी वैद्यकीय महाविद्यालय ही आणखी भर. या शहरात मोठी बातमी बहुधा कुठल्यातरी सरकारी किंवा निमसरकारी संस्थेतून निघते, आणि त्या संस्थेच्या दारात जनसंपर्क अधिकारी असतो. त्यामुळे खासगी कंपन्यांभोवती फिरणारा महानगरी वाद इथे लागू करून पाहिला की त्यातले काय टिकते आणि काय गळून पडते, हे स्पष्ट दिसते. या वादाची आजची स्थिती मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

पार्श्वभूमी : संपादक, पुढारी, प्रचारक

जबलपूरच्या पत्रकारितेच्या मुळाशी एक मराठी माणूस आहे. माधवराव सप्रे. दमोह जिल्ह्यात जन्मलेल्या सप्र्यांनी १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढले, १९०७ मध्ये नागपुरातून ‘हिंदी केसरी’ सुरू केले आणि १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक सोसली. टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणारे तेच. १९२० च्या जानेवारीत जबलपूरहून ‘कर्मवीर’ निघाले त्यामागेही सप्र्यांची प्रेरणा होती. संपादक होते माखनलाल चतुर्वेदी. पत्राच्या परवानगीसाठी ते इंग्रज मॅजिस्ट्रेटपुढे गेले तेव्हाचा प्रसंग हिंदी पत्रकारितेत आजही सांगितला जातो. इंग्रजी साप्ताहिक असताना हे हिंदी कशाला, असे साहेबाने विचारले. तुमचे पत्र भित्रे आहे, मला राज्यकारभार चालणे अवघड होईल असे पत्र काढायचे आहे, अशा आशयाचे उत्तर चतुर्वेदींनी दिले. त्याच वर्षी सागरजवळच्या रतौना येथे होऊ घातलेल्या मोठ्या कत्तलखान्याविरुद्ध ‘कर्मवीर’ने मोहीम चालवली आणि सरकारला योजना सोडून द्यावी लागली.

हा वारसा सांगताना एक गोष्ट नजरेआड होते. त्या काळी पत्रकार आणि प्रचारक या दोन वेगळ्या जाती नव्हत्या. चतुर्वेदी संपादक होते तसे काँग्रेसचे कार्यकर्तेही होते. जबलपूरचे द्वारकाप्रसाद मिश्र ‘श्री शारदा’, ‘लोकमत’ आणि ‘सारथी’ या पत्रांचे संपादक, आणि पुढे मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री. नागपूरचा ‘हितवाद’ १९११ मध्ये गोखल्यांच्या भारत सेवक समाजाने सुरू केला. आज त्याची जबलपूर आवृत्तीही निघते. ही सारी पत्रे एका कार्यासाठी निघाली होती आणि ते कार्य लपवलेले नव्हते. वाचकाला ठाऊक असे की हा आवाज कोणाचा आहे. आजच्या वादाचे सूत्र इथेच सापडते.

सरकारी बाजूलाही सुरुवात पत्रकारांपासूनच झाली. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थान सरकारने प्रसिद्धी मंडळ नेमले तेव्हा त्याची सूत्रे ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे संपादक स्टॅन्ली रीड यांच्याकडे होती. १९१९ मध्ये गृहखात्यात एक छोटा माहिती कक्ष उघडला. त्याचेच पुढे प्रेस इन्फर्मेशन ब्युरो, म्हणजे पीआयबी, झाले. १९४१ मध्ये जे. नटराजन हे त्याचे पहिले भारतीय प्रमुख झाले. खासगी क्षेत्रात चाळिशीच्या दशकात टाटांनी मुंबईत जनसंपर्क विभाग सुरू केला. १९५८ मध्ये पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली आणि १९६८ च्या दिल्लीतल्या परिषदेत व्यवसायाची आचारसंहिता स्वीकारली गेली. ती परिषद २१ एप्रिलला भरली होती, म्हणून तो दिवस राष्ट्रीय जनसंपर्क दिन म्हणून पाळतात.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत राजधानी भोपाळला गेली आणि जबलपूरच्या वाट्याला उच्च न्यायालय आले. नियोजनाच्या काळात इथे सार्वजनिक उद्योग वाढले. १९०४ ची गन कॅरेज फॅक्टरी होतीच, दुसऱ्या महायुद्धात खमरियाचा दारूगोळा कारखाना उभा राहिला, १९६९ मध्ये व्हेइकल फॅक्टरी आली, त्यापाठोपाठ ग्रे आयर्न फाउंड्री. प्रत्येक संस्थेत माहिती देणारा एक अधिकारी असे. बरेचदा तोही एकेकाळचा बातमीदार. दोघांची भाषा एक, चहाची टपरी एक. नाते सलगीचे होते, पण कोण कोणाकडून बोलतो हे दोघांनाही माहीत असे.

प्रेसनोट बातमी कशी होते

गेल्या तीस वर्षांत काय बदलले हे समजायला मोठ्या सिद्धांतापेक्षा एका प्रेसनोटचा प्रवास पाहावा. रेल्वेची नोट घेऊ. तिची बांधणी ठरलेली असते. पहिल्या ओळीत महाप्रबंधकांच्या मार्गदर्शनाखाली काय घडले ते. मग मंडळाचे उत्पन्न, गेल्या वर्षीपेक्षा वाढ, पुरस्कार, पाहणी. प्रवाशाच्या कामाची गोष्ट, म्हणजे कोणत्या गाड्या कोणत्या तारखांना रद्द आहेत किंवा कोणत्या मार्गाने वळवल्या आहेत, ती शेवटच्या परिच्छेदात.

पूर्वी ही नोट टंकलेली, शिक्का मारलेली, शिपायाच्या हाती कार्यालयात येई. उपसंपादक तिला उलटी करी. शेवटचा परिच्छेद वर, महाप्रबंधक खाली किंवा बाहेर. रेल्वे बीट पाहणारा बातमीदार फोन करून विचारी की रद्द झालेल्या गाड्यांच्या प्रवाशांना परतावा कसा मिळणार. त्या एका फोनने प्रेसनोटची बातमी होत असे.

आज तीच नोट व्हॉट्सॲप गटावर येते. सोबत छायाचित्र, ओळी आणि मथळाही तयार. त्या गटात शहरातली सगळी दैनिके, वाहिन्या, पोर्टले आणि यूट्यूब चॅनेलवाले असतात. एकाने काही मिनिटांत ती जशीच्या तशी टाकली की दुसऱ्याला थांबणे परवडत नाही. उलटी करायला उपसंपादक नाही, कारण पाने आता दुसऱ्या शहरातल्या केंद्रात लागतात किंवा बातमीदार स्वतःच पान भरतो. फोन करायला वेळ नाही, कारण एकाच माणसाकडे रेल्वे, महापालिका आणि विद्यापीठ ही तिन्ही बीट आहेत.

हे केवळ आपल्याकडचे चित्र नाही. ब्रिटनच्या कार्डिफ विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या दर्जेदार राष्ट्रीय दैनिकांतल्या देशांतर्गत बातम्या तपासल्या. सुमारे ६० टक्के बातम्या पूर्णपणे किंवा प्रामुख्याने वृत्तसंस्था आणि जनसंपर्क मजकुरावर आधारलेल्या होत्या. पूर्णतः बातमीदाराने स्वतः मिळवलेल्या म्हणाव्यात अशा जेमतेम १२ टक्के. निक डेव्हिस यांचे ‘फ्लॅट अर्थ न्यूज’ हे २००८ चे पुस्तक याच अभ्यासाच्या पायावर उभे आहे.

तीन भूमिका

या बदलाकडे पाहण्याच्या तीन ठळक भूमिका आज आढळतात.

पहिली भूमिका पहारेकऱ्याची. बातमी म्हणजे कोणालातरी जे छापून यायला नको आहे ते, असे मानणारा हा पक्ष. त्याच्या मते जनसंपर्काचे काम संस्थेची प्रतिमा राखण्याचे आहे, त्यामुळे तिथून आलेली माहिती खरी असली तरी अर्धी असते. खमरियाचे उदाहरण हा पक्ष देईल. २२ ऑक्टोबर २०२४ रोजी तिथल्या दारूगोळा कारखान्यात स्फोट झाला. किमान दोन कामगारांचा मृत्यू झाला, अनेक जखमी झाले. असा कारखाना संरक्षित क्षेत्रात असतो. बातमीदार फाटकाच्या आत जाऊ शकत नाही, शासकीय गुपिते कायदा आड येतो, माहिती अधिकारात अर्ज केला तर सुरक्षेचे कलम पुढे होते. अशा वेळी अधिकृत निवेदनावर थांबले तर ‘चौकशी सुरू आहे’ यापलीकडे काही कळत नाही. पुढची माहिती रुग्णालयाच्या व्हरांड्यात, कामगार संघटनांच्या पुढाऱ्यांकडे आणि वसाहतीतल्या घरांत मिळते. ती मिळवणे म्हणजेच पत्रकारिता, असे या पक्षाचे म्हणणे.

दुसरी भूमिका जनसंपर्क व्यावसायिकांची. ते म्हणतात, आमच्यावर लपवाछपवीचा आरोप करणारे विसरतात की बहुतांश माहिती लोकांच्या उपयोगाची असते आणि ती आम्हीच वेळेवर, तपासून देतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रयागराजच्या महाकुंभाकडे निघालेल्या गाड्यांनी जबलपूर, कटनी, मैहर, रीवा हा सारा रस्ता तुंबला. पोलिसांनी ठिकठिकाणी वाहने थांबवली. त्या दिवसांत पुढे जाऊ नका, मागे फिरा, हे सांगणाऱ्या अधिकृत सूचनांइतके मोलाचे काही नव्हते, आणि समाजमाध्यमांवर तेव्हा अफवांना ऊत आला होता. शिवाय हे लोक विचारतात की नोट जशीच्या तशी छापा असे आम्ही कधी म्हटले? तुमच्याकडे माणसे नाहीत हा तुमच्या मालकांचा प्रश्न आहे. त्यांचे आणखी एक म्हणणे रास्त आहे. चांगला पीआरओ, म्हणजे जनसंपर्क अधिकारी, संस्थेच्या आत बातमीदाराची बाजू मांडतो. साहेबांना उत्तर द्यायला तोच भाग पाडतो. जेम्स ग्रूनिग आणि टॉड हंट यांनी १९८४ मध्ये जनसंपर्काचे चार नमुने मांडले, त्यातला शेवटचा आणि आदर्श नमुना हा दुतर्फा संवादाचाच आहे.

तिसरी भूमिका अर्थव्यवहाराकडे बोट दाखवते. अमेरिकन अभ्यासक ऑस्कर गँडी यांनी १९८२ मध्ये मांडले की प्रसिद्धीखाते माध्यमांना एक प्रकारचे अनुदान देत असते. पैशाचे नाही, माहितीचे. बातमी गोळा करण्याचा खर्च संस्था उचलते आणि माध्यमाला ती फुकट मिळते. ज्याच्याकडे असे अनुदान द्यायची ऐपत आहे त्याचीच बाजू छापून येते. या दृष्टीने पाहिले तर दोष बातमीदाराचा नाही आणि पीआरओचाही नाही. जबलपूरजवळच्या बरगी धरणाच्या विस्थापिताकडे किंवा हातगाडीवाल्यांच्या संघटनेकडे जनसंपर्क अधिकारी नाही, ही खरी अडचण आहे. त्यांचा हस्तलिखित अर्ज व्हॉट्सॲप गटावर पोचतच नाही.

पैशाची रेषा कुठे

तिन्ही पक्ष एका गोष्टीवर सहमत आहेत. पैसे घेऊन छापलेली जाहिरात बातमी म्हणून वाचकाच्या गळी उतरवू नये. तरी प्रत्यक्षात ही रेषा पुसट होत गेली, आणि ती पुसण्यात माध्यमगृहांच्या व्यवस्थापनांचा वाटा मोठा होता. टाइम्स समूहाने २००३ मध्ये मोबदला घेऊन मजकूर छापणारे ‘मीडियानेट’ आणि त्यानंतर कंपन्यांच्या भागभांडवलाच्या बदल्यात जाहिरात देणारे ‘प्रायव्हेट ट्रीटीज’ सुरू केले. अशा करारांमधले हितसंबंध वाचकाला सांगितले पाहिजेत, असे सेबीने २०१० मध्ये बजावले. त्याच वर्षी नोव्हेंबरात नीरा राडिया यांच्या दूरध्वनी संभाषणांचे ध्वनिमुद्रण ‘ओपन’ आणि ‘आउटलुक’ने प्रसिद्ध केले. नामवंत पत्रकार आणि कंपन्यांची जनसंपर्क सल्लागार यांच्यात किती मोकळेपणाने बोलणे चालते, हे देशाने प्रथमच ऐकले.

निवडणुकीतला ‘पेड न्यूज’चा वाद मात्र महाराष्ट्राने आणि मध्य प्रदेशाने अधिक जवळून पाहिला. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत अशोक चव्हाण यांच्यावरचा एकसारखा मजकूर वेगवेगळ्या मराठी दैनिकांत छापून आल्याचे पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’त दाखवले. प्रेस कौन्सिलने परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली. २०१० मध्ये कौन्सिलने आटोपशीर अहवाल स्वीकारला. उपसमितीचा नावानिशीचा मूळ अहवाल खुला व्हायला २०११ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश यावा लागला. चव्हाण प्रकरणी निवडणूक आयोगाला खर्चाच्या खरेपणाची चौकशी करण्याचा अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले. आयोगाने त्यानंतर काढलेली नोटीस दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केली.

मध्य प्रदेशचे प्रकरण दतियाचे. २००८ च्या निवडणुकीतल्या मजकुरावरून आयोगाने जून २०१७ मध्ये तत्कालीन मंत्री नरोत्तम मिश्र यांना तीन वर्षांसाठी अपात्र ठरवले. प्रकरण ग्वाल्हेर खंडपीठ, जबलपूरचे मुख्य पीठ, सर्वोच्च न्यायालय असे फिरत दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि मे २०१८ मध्ये तिथल्या खंडपीठाने आयोगाचा आदेश रद्द केला. दोन्ही प्रकरणांचा शेवट एकाच जागी येतो. छापलेला मजकूर पुढे असतो, पण त्यासाठी पैसे दिले गेले याचा पुरावा हाती लागत नाही. संशय आणि सिद्धता यांत मोठे अंतर आहे, आणि आजचा कायदा ते भरून काढू शकलेला नाही.

निवडणुकीच्या काळात जिल्हा पातळीवर माध्यम प्रमाणन व देखरेख समिती असते. तिच्यात जिल्ह्याचा जनसंपर्क अधिकारी असतो आणि एखादा पत्रकारही. बातमी कोणती आणि जाहिरात कोणती हे ठरवायला दोन्ही व्यवसायांचे लोक एका टेबलाशी बसतात. व्यवस्थेने या नात्याला अशी एक औपचारिक जागा दिली आहे, याची चर्चा फारशी होत नाही.

सरकार : बातमीचा विषय, जाहिरातदार आणि ओळखपत्र देणारा

जबलपूरसारख्या शहरात सगळ्यात अवघड गाठ इथे आहे. राज्याचे जनसंपर्क संचालनालय भोपाळला आहे आणि जबलपुरात त्याचे विभागीय कार्यालय आहे. हेच खाते सरकारच्या कामाची प्रसिद्धी करते. वर्तमानपत्रांना सरकारी जाहिराती त्याच्याच मार्गे मिळतात. पत्रकाराला अधिमान्यता, म्हणजे आपल्याकडची अधिस्वीकृती, तेच देते. विमा योजना आणि ज्येष्ठ पत्रकारांचा श्रद्धानिधीही त्याच खिडकीतून. महाराष्ट्रात माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाची रचना वेगळी नाही. अधिस्वीकृती आणि बाळशास्त्री जांभेकर यांच्या नावाची सन्मान योजना तिथूनच चालते.

या व्यवस्थेचे समर्थक म्हणतात, पत्रकाराला निवृत्तिवेतन नाही, छोट्या पत्राला सरकारी जाहिरातीशिवाय तगता येत नाही, मग हे कोणी करायचे? मालक तर करत नाहीत. विरोधक म्हणतात, ज्याच्यावर लक्ष ठेवायचे त्याच्याच दारी अर्ज घेऊन उभे राहावे लागणे हीच मुळात विसंगती आहे. सरकारी जाहिरातींच्या आशयाला काही चौकट असावी यासाठी सर्वोच्च न्यायालयाने मे २०१५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. जाहिरात कोणत्या पत्राला किती द्यायची, हा प्रश्न मात्र बव्हंशी प्रशासनाच्या मर्जीवर राहिला.

अलीकडे सरकारी जनसंपर्काने आणखी एक काम अंगावर घेतले आहे. बातमी खरी की खोटी ते सांगण्याचे. पीआयबीचा फॅक्ट चेक विभाग २०१९ पासून चालतो. एप्रिल २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती करून केंद्राशी संबंधित मजकूर खोटा ठरवण्याचा अधिकार सरकारी कक्षाला देण्याची तरतूद झाली. मुंबई उच्च न्यायालयात जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींचे मत विभागले गेले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मताने ही दुरुस्ती घटनाबाह्य ठरली. मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने सकारात्मक आणि नकारात्मक बातम्यांवर नजर ठेवणाऱ्या माध्यम देखरेख केंद्रासाठी १० कोटी रुपयांची तरतूद केली. चुकीच्या बातमीला तातडीने उत्तर देता यावे हा सरकारचा हेतू. बातमीची वर्गवारी ज्याच्यावर बातमी आहे त्यानेच करावी का, हा टीकाकारांचा सवाल.

आयुध कारखान्यांचा प्रश्न आणखी एका वळणावर आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून देशातले ४१ कारखाने सात सरकारी कंपन्यांत विभागले गेले. खमरिया आता पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाखाली येतो, ग्रे आयर्न फाउंड्री नागपूरच्या यंत्र इंडियाखाली. खात्याचा माहिती अधिकारी जाऊन कंपनीचा प्रसिद्धी अधिकारी आला, निर्यातीच्या करारांच्या आणि उलाढालीच्या नोटा वाढल्या. जबलपूरच्या बातमीदाराला एखाद्या प्रश्नाचे उत्तर हवे असेल तर निर्णय घेणारे कार्यालय आता शेकडो किलोमीटर दूर आहे.

मधला माणूस वगळून

पत्रकार आणि पीआरओ यांच्या नात्याला आणखी एक धक्का बसला तो संस्था थेट लोकांशी बोलू लागल्याने. जबलपूरचे उच्च न्यायालय याचे ठळक उदाहरण आहे. २०२१ मध्ये न्यायालयाने सुनावणीच्या थेट प्रक्षेपणाचे नियम केले. खुले न्यायदान म्हणून त्याचे स्वागत झाले. मग न्यायमूर्तींच्या शेऱ्यांचे तुकडे कापून, त्यांवर संगीत चढवून रील करणारी चॅनेले निघाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाला अशा वापराला अंतरिम मनाई करावी लागली. न्यायालयाचा बातमीदार पूर्वी तासभराच्या सुनावणीतून चार ओळींचा अर्थ काढी. प्रक्षेपण आले आणि अर्थ लावणारा बाजूला पडला. त्याची जागा रिकामी राहिली नाही, ती दुसऱ्याने घेतली.

समाजमाध्यमांवरचे प्रभावक हा याचाच पुढचा भाग. दुकानाचे उद्घाटन असो की भेडाघाटचे पर्यटन, आता पत्रकारांच्या आधी त्यांना बोलावणे जाते. ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने २०२१ मध्ये आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी २०२३ मध्ये त्यांच्यासाठी नियम केले. मोबदला घेतला असेल तर तसे ठळक सांगायचे. गंमत अशी की याबाबत प्रभावकावरचा नियम बातमीदारावरच्या नियमापेक्षा नेमका आहे. प्रेस कौन्सिलची आचारतत्त्वे भेटवस्तू आणि फुकटच्या दौऱ्यांविषयी स्पष्ट बोलतात, पण कौन्सिलला कानउघाडणीपलीकडे अधिकार नाही.

दोन्ही बाजूंना एकच शाळा

पुढची पिढी या रेषेकडे कशी पाहते याचा अंदाज शिक्षणसंस्थांतून येतो. भोपाळचे पत्रकारिता विद्यापीठ ‘कर्मवीर’च्या संपादकांच्या, माखनलाल चतुर्वेदींच्या नावाने उभे आहे. १९९० च्या कायद्याने ते स्थापन झाले. तिथे पत्रकारितेच्या विभागाशेजारी जाहिरात व जनसंपर्काचाही विभाग आहे. बहुतेक विद्यापीठांत हीच मांडणी असते. मुले एका वर्गात बातमीची रचना शिकतात, दुसऱ्या तासाला प्रेसनोटची. काही वर्षे दैनिकात काढून, पगाराचे गणित जमले नाही की एजन्सीत किंवा एखाद्या रुग्णालयाच्या प्रसिद्धी विभागात जाणे हा आता सरळ मार्ग मानला जातो. एका बाजूला यामुळे व्यावसायिकता वाढली, दुसऱ्या बाजूला उद्याच्या नोकरदात्याविषयी आज किती कडक लिहायचे, हा न बोललेला विचारही शिरला.

काय सुटलेले नाही

आढावा घेतल्यावर काही प्रश्न तसेच उरतात. प्रेसनोटवर आधारलेल्या मजकुरावर तसे लिहावे का? मोठी दैनिके वृत्तसंस्थेचे नाव देतात, प्रेसनोटचे नाही. लिहिले तर पान उघडे पडेल ही संपादकांची भीती खोटी नाही. सरकारी जाहिरात आणि अधिस्वीकृती यांचे निर्णय प्रसिद्धी खात्याबाहेरच्या स्वतंत्र मंडळाकडे द्यावेत का, आणि ते मंडळ नेमणार कोण? संरक्षित कारखान्यांतल्या अपघातांची माहिती ठरलेल्या मुदतीत देण्याचे बंधन सुरक्षेला बाधा न आणता घालता येईल का? माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम संस्थांनी स्वतःहून माहिती प्रसिद्ध करावी असे सांगते. ते नीट पाळले तर पीआरओवरचे अवलंबन निम्म्याने घटेल, असे काही जण म्हणतात. तसे झालेले मात्र अजून फारसे कुठे दिसत नाही. आता मजकूर लिहून देणारी यंत्रे दोन्ही टेबलांवर आली आहेत. एका यंत्राने नोट लिहायची आणि दुसऱ्याने ती बातमीत बदलायची, अशा वेळी तपासणारा माणूस कोणत्या टप्प्यावर उभा राहणार, हेही ठरलेले नाही.

निष्कर्ष

महानगरी वादात पत्रकार आणि पीआरओ एकमेकांसमोर उभे केले जातात. जबलपूरकडे पाहिले की ही मांडणी अपुरी वाटते. इथे दोघेही एकाच मोठ्या व्यवस्थेवर अवलंबून आहेत, आणि ती व्यवस्था बातमीचा विषयही आहे आणि बातमीचा खर्च भागवणारीही. म्हणून नात्यातली सलगी कमी करा असे सांगून फारसे साधणार नाही. ती ‘कर्मवीर’च्या काळातही होती. त्या वेळचा वाचक मात्र फसत नव्हता, कारण पत्र कोणाच्या बाजूचे आहे हे पत्रावरच लिहिलेले असे. आज गमावली आहे ती ही खूण. माहिती कोठून आली आणि तिच्यामागे पैसा कोणाचा, या दोन गोष्टी मजकुरासोबत सांगण्याचा शिरस्ता पडला तर बाकीच्या बऱ्याच वादांची धार बोथट होईल. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही. संपादकाने ठरवले तर उद्याच्या अंकापासून ते करता येते.